तेवीस किलो, आठ दिवस: पुणे, वाई, कोल्हापूर, कुडाळ, लालबाग

जर्मनीत येऊन मला पाच आठवडे झाले. स्टुटगार्टपासून रेल्वेने तासाभरावर असलेल्या एका गावातल्या रुग्णालयात मी नर्स म्हणून रुजू झालेय. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून इकडे येऊ बघणाऱ्या मुलींचे फोन वाढलेत. भाषेची पातळी कुठली लागते, व्हिसाला किती दिवस लागले, पगार हातात किती येतो, सगळं विचारतात आणि मी सांगते. निघण्याआधीच्या दिवसांबद्दल मात्र अजून कुणी विचारलेलं नाही. मला तर सगळ्यात जास्त तेच सांगायचंय.

खरं म्हणजे मी आधी पुण्यात एक छोटा हॉल घ्यायचं ठरवलं होतं. सगळ्यांना बोलवायचं, जेवण द्यायचं, फोटो काढायचे. बाबांना फोनवर बेत सांगितला तर ते एवढंच म्हणाले, "आजी खय येतली गो पुण्याक?" त्याच रात्री हॉल रद्द केला आणि आठ दिवसांची रजा टाकली. निरोप घ्यायचा असेल तर माणसांच्या घरी जावं, त्यांच्या वेळेने राहावं, त्यांच्या ताटात जेवावं, असं मला आता अगदी मनापासून वाटतं.

दिवस पहिला, पुणे

रजेआधीची शेवटची ड्युटी सकाळची होती. सर्जरी वॉर्डात आठ वर्षं काढली. दुपारी दोनला नेहमीसारखा हँडओव्हर दिला. बेड चारचा ड्रेन उद्या काढायचाय, बेड सातची शुगर चारला बघायची, बेड अकराच्या आजींना गोळी पाण्यात विरघळवून द्यावी लागते. शेवटच्या बेडपाशी आले आणि पुढे काय बोलायचं ते कळेना. स्टाफने केक आणला होता, तो कापला, फोटो झाले.

सगळे पांगल्यावर वॉर्डातल्या मावशींनी मला हाताला धरून कोपऱ्यातल्या रिकाम्या बेडपाशी नेलं. त्या वीस वर्षं या वॉर्डात आहेत. "तिकडं मावशी असत्यात का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, तिथे पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे सगळं नर्सच करते. मावशींनी साडीचा पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "झोप."

मी युनिफॉर्मवरच झोपले. त्यांनी माझा पलीकडचा हात छातीवर ठेवला, पलीकडचा गुडघा मोडून उभा केला, स्वतःचा एक गुडघा बेडच्या कडेला टेकवला आणि कमरेपाशी चादर मुठीत धरून मला एका दमात आपल्याकडे वळवलं. अजिबात झटका बसला नाही. "जोर हातात नसतो बाई, गुडघ्यात असतो. आन् आधी पेशंटाला सांगायचं, आता वळवते म्हणून." मग त्या झोपल्या आणि मी त्यांना वळवलं. तीनदा करून घेतलं माझ्याकडून. कॉलेजात हेच शिकवलं होतं, पुतळ्यावर. मावशींचं अंग माझ्या हाताला लागलं तेव्हा ते समजलं. इथे आल्यापासून रोज सकाळी वापरतेय.

संध्याकाळी रूमवर येऊन उरलेलं सामान वाटून टाकलं. गॅस शेगडी खालच्या मजल्यावरच्या मुलींना, कुंड्या घरमालकीणकाकूंना.

एक सूचना आत्ताच देते, कारण पुढे वेळ मिळत नाही. बँका आणि ओटीपीची कामं घरच्यांच्या भेटींआधी उरकून घ्या. बँकेत नोंदवलेल्या मोबाइल नंबरवर परदेशात एसएमएस येतील याची खात्री इथेच करायची. परदेशी राहायला गेल्यावर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करावं लागतं, त्याची चौकशीही इथेच बरी. गाडी चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. जर्मनीत राहायला आल्यावर आपला परवाना सहाच महिने चालतो.

दिवस दुसरा, वाई

आईचं माहेर वाईहून धोमकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, मेणवलीच्या पुढे. आजोबा मुंबईत मस्जिद बंदरला माथाडी होते. त्या काळी या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस मुंबईच्या गोदीत किंवा बाजारात पाठीवर ओझी वाहत होता. आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली. आजी मामाकडे असते.

पोहोचले तेव्हा ऊन रणरणत होतं. आजी ओट्यावर गोधडी पसरून बसली होती आणि शेवटचे टाके घालत होती. मी येणार हे कळल्यापासून दीड महिना ती हेच करत होती, मला पत्ता नव्हता. वरच्या बाजूला आईच्या दोन जुन्या साड्या, एक जांभळी आणि एक मोरपंखी. आतल्या थरात आजोबांची धोतरं. टाके इतके जवळजवळ की नख शिरणार नाही. चारही कोपऱ्यांना लाल कापडाचे त्रिकोण, त्यांना ती फुलं म्हणते.

मामाने ती किराणावाल्याच्या काट्यावर घालून आणली. दोन किलो चारशे ग्रॅम. माझ्या तिकिटावर एक तेवीस किलोची बॅग आणि हातात आठ किलो, एवढंच होतं. मामा हिशोब करायला लागला. मी म्हटलं, मामा, हिचं वजन धरूच नकोस, ही जाणार आहे. (वजनासाठी हुकाचा छोटा डिजिटल काटा दोनतीनशे रुपयांत मिळतो. तो घेऊन फिरा. मी प्रत्येक मुक्कामी बॅग उचलून बघत होते, त्याने फार हायसं वाटायचं.)

अवघड गोष्ट तुपाची होती. आजीने घरच्या म्हशीचं तूप कढवून बरणी भरून ठेवली होती. युरोपियन युनियनमध्ये आपल्याकडून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप गेलं, खवा गेला, साताऱ्याचे कंदी पेढेही नकोत. हे आजीला सांगायला माझी जीभ उचलेना. शेवटी जेवायला बसताना सांगितलं. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तूप बी चालत न्हाय? मग खात्यात काय ती लोकं?" आणि बरणी उघडून माझ्या भातावर तूप ओतलं. भात दिसेनासा झाला. "मग हितंच खाऊन जा." दोन दिवसांचं जेवण जेवले त्या दुपारी. पिठलं, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, रायवळ आंब्याचा रस आणि त्या सगळ्यावर तूप.

चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं आणि वळीव कोसळला. अर्ध्या तासात अंगणात पाणी. आजी आणि मी दारात बसून होतो. ती गावातल्या लग्नांचं बोलत होती, कुणाची म्हैस व्यायली ते सांगत होती. माझ्या जाण्याचा विषय एकदाच निघाला, तोही असा: "गोधडीला ऊन दाखवत जा. तिकडं थंडीचं ऊन पडतं का?" मी म्हटलं, थोडं पडतं. "थोडं तर थोडं. खिडकीत टाकायची."

रात्री ती गोधडी पांघरून तिच्याशेजारीच झोपले.

दिवस तिसरा, कोल्हापूर

या भेटीची मला धास्ती होती. कोल्हापूरची माझी मैत्रीण आणि मी नर्सिंगला एकत्र होतो. जर्मनही दोघींनी एकत्र सुरू केलं. नाइट ड्युटी संपवून सकाळी आठला ऑनलाइन क्लास, डोळे मिटायचे, मग एकमेकींना फोन करून जागं करायचं. बी-वन या पातळीच्या परीक्षेत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. नंतर तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. ती एकुलती एक. नोकरी सोडून घरी परतली. त्यानंतर आमचं बोलणं कमी झालं. माझ्या प्रत्येक चांगल्या बातमीने तिला काय वाटत असेल, या विचारानेच मी फोन टाळत राहिले. हे चुकलंच माझं, आणि तिला मी ते त्या दिवशी सांगितलं.

ती पांढऱ्या रश्श्याचं वाटण करत होती. खसखस, तीळ, काजू, ओलं खोबरं. हात न थांबवता म्हणाली, "व्हय, राग आलता मला. तुझा न्हवं, सगळ्याचाच. आता न्हाई. ही वाटी इकडं दे." मटणाच्या पाण्यात नारळाचं दूध घालताना आच बारीक ठेवावी लागते, नाहीतर फुटतं. त्या पाच मिनिटांत दोघी काही बोललो नाही. (खसखशीवरून आठवलं. आखाती देशांत किंवा सिंगापूरला जाणाऱ्यांनी खसखस चुकूनही बॅगेत ठेवू नये, तिथे ती अमली पदार्थांत धरतात.)

काकांना मी ओळखू येते का अशी शंका होती. मला बघून त्यांचा डावा हात वर आला. मैत्रिणीने त्यांना टेकवून बसवलं आणि मी भरवलं. पांढरा रस्सा आणि मऊ भात, एकेक चमचा, गिळल्याची खात्री करून पुढचा. अर्धा तास लागला. दोन नर्स घरात असल्यावर घर किती शांत चालतं!

संध्याकाळी आधी अंबाबाईला गेलो, मग रंकाळ्यावर. भेळ घेऊन कट्ट्यावर बसलो. तिने माझी तोंडी परीक्षा घेतली. छातीत दुखतंय असं पेशंटने सांगितलं तर काय काय विचारशील, जर्मनमध्ये सांग. मी सांगितलं. तिने दोन चुका काढल्या, दोन्ही खऱ्या.

सकाळी स्टँडवर निघताना तिने पिशवीतून एक वही काढली. आमच्या क्लासची वही. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला डेअर, डी किंवा दास लागतं आणि ते पाठच करावं लागतं. पुस्तकांत डेअरला निळा, डीला लाल, दासला हिरवा असे रंग देतात. आमच्या हॉस्पिटलात सकाळच्या ड्युटीच्या नोंदी निळ्या पेनाने, संध्याकाळच्या हिरव्या आणि रात्रीच्या लाल पेनाने लिहायच्या. म्हणजे तिन्ही पेनं आमच्या खिशात कायमच असायची. तिने दीड हजारांवर शब्द ड्युटीच्या पेनांनी तीन रंगांत लिहून काढले होते. एका पानावर लाल शाई ओघळली होती, आणि कडेला मराठीत तारीख आणि वेळ, पहाटे 4.10.

"तुला लागेल ना ही," मी म्हटलं.

"सगळ्या पानांचे फोटू काढून ठेवल्यात मी. वही तू ने. बी-टूला बसणार हाय मी पुढच्या वर्षी."

दिवस चौथा, फोंडा घाट

कोल्हापूर ते कणकवली एसटीने, राधानगरी आणि दाजीपूरवरून. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत. या गाड्यांत गर्दी असते, पण म्हणूनच आजीआजोबाही भरपूर भेटतात.

राधानगरीपर्यंत ऊन होतं. दाजीपूरच्या पुढे एकदम धुकं. खिडकीतून हात बाहेर काढला तर ओला होत होता. घाट सुरू झाल्यावर थोड्याच वेळात गाडी थांबली. पुढे झाड पडलं होतं. दोन तास.

माझ्या शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा होते, लेकीकडे पेरणीला निघालेले. कुठे निघालीस विचारलं, मी सांगितलं. "मग एवढं फिरत कशाला चाललीस पोरी, मुंबईलाच जायाचं की सरळ." मी म्हटलं, निरोप घेत चाललेय. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग मागच्या सीटवर वळून सगळ्यांना सांगून टाकलं. त्यानंतर गाडीचं रूपच बदललं. एका ताईंनी गुळाची ढेप फोडली, एकीने चुरमुरे काढले. एक आजी पुढून उठून आल्या, माझ्या कपाळाला आपल्याच कपाळाचं कुंकू लावलं आणि परत जागेवर जाऊन बसल्या. त्यांचं गावही मला माहीत नाही. कंडक्टरदादा म्हणाले, "ताई, तिकीट जपून ठेवा, तिकडं हाफ तिकीट न्हाई मिळायचं." ठेवलंय. वहीत आहे.

कुडाळला पोहोचायला रात्र झाली. बाबा स्टँडवर चार तास बसून होते.

दिवस पाचवा आणि सहावा, घर

आमची वाडी कुडाळहून वालावलच्या वाटेवर, कर्ली नदीजवळ. आई साताऱ्याची, बाबा मालवणी. दोघं लालबागच्या एकाच चाळीत वाढले आणि तिथेच लग्न झालं. बाबा पोस्टातून निवृत्त झाल्यावर दोघं इकडे आले. थोरली आजी, म्हणजे बाबांची आई, आयुष्यभर इथेच राहिली. आता शहाऐंशी.

मृग तोंडावर आलेला. घराघरांत तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, पेरणी चाललेली, फणसाचा वास सगळ्या वाडीभर. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी मासळी नाही, पण पहिल्या पावसाच्या कुर्ल्या मिळाल्या. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा, दुपारी कुर्ल्यांचं सार, रात्री कुळथाची पिठी. आईने दोन्ही दिवस मला कशालाही हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी मीच हट्टाने आंबोळ्या घातल्या.

पाचव्या दिवशी सकाळी वाडीच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातलं. बाबांनी आदल्या दिवशीच नारळ काढून ठेवला होता. विहिरीजवळच्या माडाचा. आठदहा नारळ एकेक करून कानाशी धरले, हलवले, पाणी वाजतं कसं ते ऐकलं, आणि एक बाजूला काढला. सोलताना शेंडी राखली. वाडीच्या टोकाला झाडाखाली आमच्या राखणदाराचं स्थान आहे, तीन पाषाण आणि एक समई. थोरले काका पुढे उभे राहिले, आम्ही पंधरावीस जण मागे.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडू आज सातासमुद्रापलीकडे चल्ला हा…"

"व्हय म्हाराजा!"

"थय तेका आपला म्हणणारा कोण नाय, तू तेच्या पाठीमागे उभो रव…"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या हातान रोग्यांची सेवा घडाची, तेच्या हाताक यश दी, आणि तेका सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लहानपणापासून किती गाऱ्हाणी ऐकली असतील. परीक्षेची, लग्नाची, नव्या गाडीची. आपल्यासाठी घातलेलं उभं राहून ऐकताना माझे पाय थरथरत होते. व्हय म्हाराजा म्हणायचं मला सुचलं नाही. माझ्यासाठी ते बाकीचे म्हणत होते.

काकांनी नारळ पुढे ठेवला आणि तोच परत माझ्या ओटीत घातला. "हो घेवन जा."

इथे नियम सांगते, कारण यावर खूप गैरसमज आहेत. युरोपियन युनियनमध्ये ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मिरच्या न्यायच्या तर वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे आंबा आणि कढीपत्ता घरीच ठेवायचा. पाच फळांना मात्र सूट आहे: अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि नारळ. मासळीलाही मोठी मुभा आहे, सुकी मासळी स्वतःपुरती वीस किलोपर्यंत चालते. म्हणून आजीचं तूप राहिलं आणि आईचे सोडे, म्हणजे सुकवलेली सोललेली कोलंबी, आले. सुकं खोबरं मात्र विमानात धोकादायक धरतात, ते भरू नका. नारळासाठी मी विमान कंपनीला फोन करून विचारलं, मोठ्या बॅगेत चालेल म्हणाले. तुम्हीही तुमच्या कंपनीला विचारूनच भरा. औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि तीन महिन्यांहून जास्त नकोत.

सहाव्या दिवशी दुपारी आजीजवळ बसले होते. तिला कमी ऐकू येतं, कानाशी जाऊन बोलावं लागतं. हे आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, मुंबईच्या गिरणीत होते, 1982 च्या संपापर्यंत. पूर्वी वेंगुर्ल्याहून बोटीने जायचे. बोट खोल पाण्यात उभी असायची, होडीतून तिच्यापर्यंत जायचं. पावसाळ्यात बोटी बंद, मग पत्राचाच आधार. मी विचारलं, आजी, आजोबा निघायचे तेव्हा तू बंदरावर उभी राहायचीस का गं?

"रवत नाय हुतंय. होडी सुटली काय घराक. गोठ्यात ढोरां उपाशी, पोरगो काखेत." मग खूप वेळाने, माझा हात चाचपत, "परत येय तेव्हा मात्र आधीच जावन बसा मी. सकाळपासून."

आणि मग तिने तोच प्रश्न विचारला जो दोन दिवसांत पाच वेळा विचारला होता: "थय भात गावता मा गो?"

गावता, आजी. मी पाचही वेळा तेच सांगितलं.

निघताना तिला मी घरातच भेटले. तिने दारापर्यंत येऊ नये म्हणून. पण गाडीत बसल्यावर वळून बघितलं तर काठी टेकत पडवीत येऊन उभी होती.

दिवस सातवा, मांडवी एक्सप्रेस

कुडाळहून मुंबई, आईबाबा सोबत. दिवसाची गाडी मुद्दाम घेतली. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्गावर सुरू झाली, आणि बाबांना या रेल्वेचं आजही तेवढंच अप्रूप आहे. रत्नागिरीच्या अलीकडे पानवल नदीचा चौसष्ट मीटर उंच पूल आला तेव्हा त्यांनी मला दारापाशी नेलं. रत्नागिरीच्या पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, तो पूर्ण होईपर्यंत ते घड्याळ बघत होते. आई खिडकीत. डब्यात वडे, कटलेट, भजी फिरत होती आणि आम्ही जवळजवळ सगळं घेतलं.

चिपळूणनंतर पाऊस लागला. आईने माझे केस विंचरून घट्ट वेणी घातली. चालत्या गाडीत, एकतिसाव्या वर्षी. कुणीच काही म्हटलं नाही, समोरच्या काकूंनी रबर दिलं.

दिवस आठवा, लालबाग

चाळ अजून उभी आहे, पुनर्विकासाचे कागद फिरताहेत. दहा बाय बाराच्या खोलीत आता चुलतभाऊ राहतो. सकाळपासून दार बंद झालं नाही. शेजारच्या काकूंनी शिरा आणला, वरच्या मजल्यावरच्या मामींनी ओटी भरली, माझ्यासोबत शाळेत असलेली मुलं आता आपापली मुलं घेऊन आली. एवढी माणसं त्या खोलीत कशी मावतात, हे जर्मनीतल्या माझ्या एकटीच्या खोलीत बसून मला आता खरंच नवल वाटतं.

अकरा वाजता बाबा म्हणाले, चल, एक ठिकाणी जाऊन येऊ. टॅक्सीने भाऊच्या धक्क्यावर घेऊन गेले. मासेमारी बंद असल्याने बोटी एकीला एक लागून उभ्या होत्या, पावसात भिजत. आजोबा याच धक्क्यावर उतरायचे. डोक्यावर ट्रंक, हातात पिशवी, पिशवीत उकडे तांदूळ आणि सोलं. बाबा पहिल्यांदा त्यांच्यासोबत आले तेव्हा सात वर्षांचे होते. "आम्ही उतरलो तर तुझ्या आजोबांनी पहिल्यांदा काय केलं माहीत आहे? घरी पत्र टाकलं. पोचलो म्हणून. मग चाळीत गेलो." बाबा पोस्टात का गेले, हे मी कधी विचारलं नव्हतं. तिथे उभ्या उभ्या विचारलं. ते हसले आणि बोटींकडे बघत राहिले.

रात्री निघताना आईने तळहातावर दही ठेवलं. विमानतळावर आत फक्त प्रवाशाला सोडतात, त्यामुळे दारातल्या तपासणीपाशीच थांबावं लागतं. मागून गाड्यांचे हॉर्न, पुढे रांग. तिथे आम्हाला दोनतीन मिनिटं मिळाली असतील. आईने बॅगेची चेन बघितली, बाबांनी पासपोर्ट कुठे आहे विचारलं. बोलायचं बहुतेक सगळं आठ दिवसांत बोलून झालं होतं. आजूबाजूला लोक घाईघाईने मिठ्या मारत होते, काहीतरी राहिलंय असं सारखं वळून सांगत होते. त्यांच्याकडे बघून मला फार वाटलं की यांनाही आठ दिवस मिळायला हवे होते.

बॅग भरली बावीस किलो आठशे. गोधडी, वही, सोडे, पिठी, आमसुलं, मसाला आणि कपड्यांच्या मधोमध नारळ.

इथे

पोहोचल्यावर पहिला आठवडा पत्त्याची नोंदणी आणि कागदांत गेला. ती नोंदणी घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, विसरू नका. नारळ टेबलावर होता. पहिल्या रविवारी सुट्टी मिळाली तेव्हा फोडायचं ठरवलं. खोलीत काही सोय नाही, म्हणून खाली गेले. इमारतीच्या मागच्या दाराला दगडी पायरी आहे. फोन कुंडीला टेकवून घरी व्हिडिओ लावला. तिकडे साडेतीन तास पुढे, दिवेलागण झाली होती, पाऊस पडत असल्याचा आवाज येत होता.

देवाचं नाव घेतलं आणि पायरीवर आपटला. दुसऱ्या फटक्याला तडा गेला. पाणी पेल्यात धरलं, थोडं सांडलं. नारळ आतून पांढराशुभ्र होता.

बाबा स्क्रीनच्या अगदी जवळ आले. "पाणी ग्वाड आसा काय गो?"

मी पिऊन बघितलं. मान हलवली. मागून आईचा आवाज आला, "अर्धा आजच खव. उरलेला फ्रीजरला टाक, पण आधी तुकडे कर, नाहीतर अख्खी वाटी घट्ट होऊन बसेल."